तिलंग्यांच्या पेट्या आणि घडीव बकलं : कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

काम पक्कं झालं. एका हौशी नाट्यसंस्थेचं नवं नाटक जानेवारीत येतंय. विषय महादजी शिंद्यांचा कंपू, म्हणजे त्यांची युरोपीय धर्तीची कवायती फौज; शेवटचा अंक राजस्थानातल्या मेडत्याच्या रणावर, राठोडांविरुद्ध, सप्टेंबर १७९०. सहा तिलंगे, म्हणजे कंपूतले पायदळ शिपाई, आणि एक डी बॉयन, त्यांचा युरोपीय सेनापती. चामड्याचं सगळं माझ्याकडे: खांद्यावरून तिरपे जाणारे पट्टे, काडतुसांच्या पेट्या, संगिनींची घरं. बकलं विकत आणायची की घडायची, हे त्यांनी माझ्यावर सोडलं. घडायची.

वेशभूषा पाहणाऱ्या ताईंनी नमुन्याला फोटो पाठवले होते. तळहाताएवढी पितळी बकलं, कडेने सूर्याचे किरण, मधोमध वाघाचं तोंड. फोनवर म्हटलं, "ताई, ही लावली तर पहिल्या रांगेला तिलंग्याच्या आधी बकल दिसेल." हसल्या. म्हणाल्या, "दादा, तुम्हीच ठरवा मग. फक्त मावळा आणि तिलंगा एकसारखे दिसू देऊ नका."

हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ऐतिहासिक नाटक-मालिकांत सरसकट सगळ्यांच्या कमरेला रुंद चामडी पट्टा आणि ढब्बू बकल चढवायची एक खोड लागली आहे. सतराव्या शतकातली दख्खनी चित्रं बघा, कमरेला कापडी पटका, पटक्यात खोचलेली कट्यार. कंपूचा मामला निराळा. डी बॉयन मूळचा सव्हॉयमधल्या शांबेरीचा. १७८४ मध्ये महादजींच्या चाकरीत आला, आधी दोन पलटणी उभ्या केल्या आणि त्यांना युरोपीय कवायत शिकवली. लाल डगला, काळ्या चामड्याचा सरंजाम, खांद्याला चकमकीची बंदूक. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉट माणूस त्याच्यासाठी तोफा ओतत होता. बंदूक आली की काडतूस आलं, काडतुसाला पेटी आली, पेटीला पट्टा आला आणि पट्ट्याला बकल.

५ नोव्हेंबर

बकल नेमकं कुठे बसतं, हे आधी कागदावर काढून घेतलं. त्या काळच्या युरोपीय पायदळाची पेटी म्हणजे आत भोकं पाडलेला लाकडी ठोकळा, बाहेर चामड्याचं घर, वरून लांब झाकण. ठोकळ्यात अठरापासून छत्तीसपर्यंत भोकं असत, भोकागणिक एक कागदी काडतूस. पट्टा छातीवरून येतो, पेटीच्या मागून खाली उतरतो आणि पेटीच्या तळाला दोन छोट्या बकलांत अडकतो. म्हणजे बकल झाकलेलं, पण अख्ख्या पेटीचं वजन त्याच्यावर. एक शिशाची गोळी तीसेक ग्रॅमची, त्यात दारू आणि कागद. भरलेली पेटी घेऊन माणूस दिवसभर चालणार, पळणार, गुडघ्यावर बसणार.

छातीवर मिरवायचं पितळ वेगळं आणि तळाला लावायचं कामाचं बकल वेगळं. तळाला लोखंड चालतं, किंबहुना शोभतं. पेटीमागे दोन धरून बारा. डी बॉयनच्या तलवारीच्या पट्ट्याला एक मोठं. एखाद-दुसरं हाताशी जास्त असावं म्हणून पंधरा घडायची.

माप: पट्ट्याची टोकं निमुळती करून २५ मिमी. बकलाची आतली रुंदी २६, त्याहून जास्त नको. सैल बकलात पट्टा तिरका होतो आणि भोक एका कडेला फाटत जातं. आकार इंग्रजी 'डी'सारखा. सरळ बाजूवर काटा फिरणार, गोल बाजूवर काट्याचं टोक टेकणार. गज ५ मिमीचा धरला तर लांबी गजाच्या मध्यरेषेवर मोजायची, आतल्या कडेवर नाही. सरळ बाजू ३१, दोन्ही गालांचे १० आणि १०, अर्धगोल साधारण ४९. झाले शंभर. सांध्याला टोकं एकमेकांवर चढवायला आणखी ८.

९ नोव्हेंबर, रविवार

जुना बाजार. सकाळी लवकर गेलं तर जुनं लोखंड हाताळून बघता येतं, दहानंतर नुसते धक्के. वाडे पाडल्यावर निघालेले खिडक्यांचे गज एका म्हाताऱ्या बाबांकडे ढिगाने होते. किलोवर भाव. "हे भंगार कशाला नेताय, शेजारी नवा बार आहे की," असं वर बाबाच म्हणाले.

मला भंगारच हवं होतं. आजचा बाजारातला बार म्हणजे सौम्य पोलाद, माइल्ड स्टील. वितळवून ओतलेलं, आतून एकजिनसी. अठराव्या शतकातलं घडीव लोखंड तसं नव्हतं. ते भट्टीतून लगद्याच्या रूपात निघे आणि ठोकून ठोकून त्यातला मळ बाहेर काढावा लागे. सगळा निघत नसेच. जो राही तो घणाखाली लांबत जाऊन लोखंडात धाग्यांसारखा पसरे.

कुठलं गज खरंच घडीव आहे, हे नुसतं बघून कळत नाही. गंजलेल्या अंगावर लाकडासारख्या उभ्या रेघा दिसल्या तर आशा ठेवायची. तसे चार उचलले.

१० नोव्हेंबर

परीक्षा. प्रत्येक गजाला करवतीने अर्ध्यापर्यंत खाच दिली, शेगड्यात (लोखंड घट्ट पकडायच्या शिकंज्यात) धरला आणि थंडच वाकवला. दोन गज वाकले आणि तुटताना स्वच्छ, करड्या, बारीक दाण्यांचं तोंड देऊन गेले. ते पोलाद. बाकीच्या दोघांनी तुटायला वेळ लावला. आधी बाहेरची कड उसवली, मग आतून धागे ओढले गेले, आणि शेवटी उसाच्या चिपाडासारखं फाटकं, तंतूतंतूंचं टोक उरलं. बोटाने चाचपलं तर धागे वेगवेगळे लागतात.

ग्राइंडरवरही लावून पाहिले. पोलादाच्या ठिणग्या टोकाला फुटून त्यांना बारीक फांद्या येतात. घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, मंद, गवती रंगाच्या, जवळपास न फुटता विझणाऱ्या. अंधार करून पाहिलं तर शंका उरत नाही.

प्रेक्षकाला यातलं काय दिसणार? काहीच नाही. तरी हे लोखंड घेतलं त्याचं एक व्यवहारी कारण आहे. ते आगीत सांधायला फार सोपं जातं. आतला मळच वितळून सांध्यात वाहतो आणि वरचा कीट धुऊन नेतो.

१६ नोव्हेंबर

लोहारमामांच्या भट्टीवर. मामांचं घर मूळ घिसाड्यांचं, आजोबा बैलगाडीवर ऐरण टाकून गावोगाव फिरायचे. विळे-कुऱ्हाडी-पहारी हा त्यांचा रोजचा धंदा. बकल त्यांनी आयुष्यात घडलेलं नाही. माझं चित्र बघून म्हणाले, "ही तर साखळीची कडी. एका बाजूनं चेपलेली."

तिथेच निम्मं काम झालं. पाच मिलिमीटरचा गज आगीत सांधायचा म्हणजे डोकेदुखी. सांध्याला पांढरट पिवळी आच लागते, तेराशे अंशांच्या आसपास, आणि एवढी बारीक काडी भट्टीतून ऐरणीवर येईस्तोवर नारंगी पडते. जरा जास्त ठेवली तर टोकच जळून फुलबाजीसारखं उडतं. मामांनी साखळीवाल्यांची रीत सांगितली. आठचा गज घ्यायचा, जाड असतानाच आखूड कडी वळवून सांधायची आणि मग कडी ऐरणीच्या शिंगावर अडकवून बारीक करत, ताणत मापाला आणायची. जाड लोखंड आच धरून ठेवतं. शिवाय ताणताना सांधा कच्चा असेल तर तिथेच उघडा पडतो, पुढे नाटकात नाही.

मग लांबीचा हिशोब बदलला. १०८ मिमीच्या पाचच्या गजात जेवढं लोखंड, तेवढंच आठच्या गजात साधारण ४२ मिमीत बसतं. जळून जाणारं आणि सांध्याचं धरून ५५ घेतलं. एवढ्या तुकड्याची कडी वळत नाही, म्हणून लांब गजाच्या टोकालाच कडी वळवायची, सांधायची आणि मग तोडायची. तोडलेलं टोक सरळ बाजूत येईल असं ठेवलं. तिथे वरून चामडं येणार.

कोळसा: मामा रोजच्याला दगडी वापरतात. सांध्याच्या कामाला त्यांनी लोणारी कोळसा काढला. "दगडीत गंधक असतो, सांधा धरत नाही," म्हणाले. टाकणखाराची चिमूट मात्र हवीच. लाल झाल्यावर टाकायची, म्हणजे काचेसारखी पसरून हवा अडवते.

सांध्याची खूण डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळते. भाता चालू असताना (आता मोटर आहे, पण शब्द भाताच) आगीत एक बारीक सळसळ सुरू होते, एखाद-दुसरी पांढरी ठिणगी निसटते, आणि लोखंडाचं अंग ओलं दिसू लागतं. मामा म्हणतात, "घाम आला की काढ." पहिले घाव हलके, भराभर. जोर करायचा नाही, दोन्ही तोंडं नुसती चिकटू द्यायची. जोरात मारलं तर वरचं टोक घसरून बाजूला जातं. चिकटल्यावर आवाज बदलतो, दोन तुकड्यांचा खळखळाट जाऊन एकाच लोखंडाचा नाद येतो.

घडीव लोखंड लाल आचेवर ठोकायचं नाही, हेही मामांनी आधीच बजावलं. पोलाद गार होत आलं तरी मुकाट मार खातं. हे पिवळं असेपर्यंत लोण्यासारखं वागतं, आणि रंग उतरला की धाग्यांमधून उकलतं. उकललंच तर पुन्हा घाम आणून तिथेच सांधून टाकायचं.

१७, १८ नोव्हेंबर

कड्या ताणल्या. काही सांगण्यासारखं नाही. हात दुखतात.

२० नोव्हेंबर

आकार. एक छोटा ठसा केला: २६ मिमी रुंदीच्या पोलादी पट्टीचं एक टोक अर्धगोल घासून, दुसरं चौकोनी ठेवून ती शेगड्यात उभी धरली. लाल कडी त्यावर बसवून चहूबाजूंनी हलके घाव. डी बॉयनचं मोठं सोडून चौदाही बकलं एकाच ठशावरची, तरी एकसारखं एकही नाही. एकाचा गाल जाड, एकाची पाठ किंचित चपटी. ताईंना फोटो पाठवला तर त्यांचं उत्तर, "सगळी सारखी करता येणार नाहीत का?" म्हटलं, येतील, पण मग बाजारातूनच आणू. त्यांनी अंगठा दाखवला. तो होकाराचा होता असं मी धरून चाललो आहे.

गोल बाजूच्या मधोमध कानशीने बारीक खाच घेतली, काट्याचं टोक तिथे बसावं म्हणून. फार खोल नाही. तिथेच ताण येतो.

कानशीचा सगळा कीस कागदावर झेलून बरणीत भरला, साबणाच्या पाण्याने धुतला आणि वरून पांढरं व्हिनेगर ओतलं. झाकण घट्ट लावायचं नाही, आत हायड्रोजन वायू तयार होतो. बरणी गच्चीवर ठेवली. पट्टे काळे करायला हेच पाणी लागणार.

२३ नोव्हेंबर

काटे. बकलाच्या कामात सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त बिघडणारा भाग. साडेतीनची तार, एक टोक चपटं करून सरळ बाजूभोवती गुंडाळायचं, दुसरं निमुळतं करून पुढच्या खाचेवर टेकवायचं. गुंडाळी घट्ट झाली तर काटा उचलत नाही. सैल झाली तर कडेला सरकत जातो आणि पट्ट्याचं भोक चुकतं. तार लाल असताना सरळ बाजूवर एक कागदाची घडी ठेवून तिच्यावरून गुंडाळली. कागद जळून जातो आणि तेवढीच फट उरते. ही युक्ती एका जुन्या खोगीरवाल्याकडून उचललेली आहे, माझी नाही.

काट्याचं टोक पुढच्या कडेबाहेर डोकावता कामा नये. हे बकल पेटीच्या तळाला, म्हणजे मांडीजवळ. टोक बाहेर आलं तर नटाची विजार पहिल्याच तालमीत फाटेल.

२६ नोव्हेंबर

कोल्हापूरहून चामडं आलं. म्हशीचं, साडेतीन मिमी, हिरडा आणि बाभळीच्या सालीत पकवलेलं. त्या भागात अजूनही कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात काढा भरून टांगून ठेवायची पद्धत आहे. तो झिरपत बाहेर येतो तसं कातडं आतून पिकतं. कोल्हापुरी चपलेचा वास तो हाच. क्रोमवर पकवलेलं चामडं निम्म्या वेळात मिळालं असतं, रंगही कुठलाही. पण मला आत हिरडा असलेलंच हवं होतं.

पट्टे कापले. टोकं रापीने मागून सोलून अडीचवर आणली, नाहीतर बकलात घडी फुगते. काट्यासाठी लांबट खाच: दोन टोकांना गोल भोकं आणि मधलं चामडं काढून टाकायचं. नुसती चीर दिली तर ती पुढे पुढे चालत जाते.

१ डिसेंबर

काळा रंग. बरणीतलं पाणी गाळलं. पिवळट तपकिरी, आंबूस लोखंडी वास. आधी पट्ट्यांना हिरड्याचा कडक काढा पाजला आणि अर्धवट सुकू दिले. मग बोळ्याने लोखंडाचं पाणी.

कितीही वेळा केलं तरी हे बघायला थांबतोच. बोळा फिरतो तेव्हा चामडं नुसतं ओलं दिसतं, तांबूसच. पाच-सात सेकंदांत कडेने करडी सावली येते, मग जांभळट, मग निळसर, आणि मिनिटाभरात पट्टा काळा. वरून रंग चढवलेला नसतो, चामड्यातला टॅनिन (हिरड्याचा तुरट अंश) आणि पाण्यातलं लोखंड मिळून आतच काळं तयार होतं. म्हणून घासून जात नाही, कापलं तरी कड आतपर्यंत काळी. कलमकारीवाले कापडावर हेच करतात, हिरड्यात भिजवलेल्या कापडावर गूळ आणि लोखंडाचं आंबवलेलं पाणी.

याची दुसरी बाजू अशी, की उघडं लोखंड आणि ओलं चामडं एकत्र आले की हे आपोआपच होतं, नको तिथेही. तांबूस पट्ट्यावर लोखंडी बकल लावून एक पावसाळा काढा, बकलाभोवती निळा-काळा डाग पडलेला असतो, आणि त्या जागेचं चामडं हळूहळू कडक होऊन तडकतं. पट्टा काळा असला की डाग दिसत नाही, झीज मात्र होतेच. म्हणून रंग झाल्यावर पट्टे खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आंबटपणा मारला, दोनदा धुतले, सावलीत वाळवले आणि अर्धे ओले असतानाच तेल चोळलं. ताईंना सांगून ठेवलंय, पांढऱ्या विजारीवर घालण्याआधी पट्टा एकदा फडक्याने पुसून बघा.

३ डिसेंबर

बकलांना तेल. पॉलिश नाही, लाख नाही. बकल तापवायचं, पण लाल होऊ द्यायचं नाही. जवसाच्या तेलाचा बोळा लावल्यावर धूर यावा आणि ज्वाळा येऊ नये, एवढंच. तेल अंगावर भाजून काळा-तपकिरी पापुद्रा धरतं. पातळ हात, पुन्हा ताप, पुन्हा पातळ हात. जाड लावलं की चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. शेवटी कोमट असताना मधमाशीचं मेण. घडीव लोखंडाच्या धाग्यांच्या रेघा तेलाने आणखी उठून दिसतात, ही फुकटची शोभा.

७ डिसेंबर

डी बॉयनचं मोठं बकल वेगळं करायचं होतं. तो सेनापती, त्याचं पांढरं चमकू दे. लोखंडी बकलावर, रिकिबीवर, काट्यांवर कथील चढवायची रीत युरोपात मध्ययुगापासून आहे. गंज थांबतो आणि लांबून चांदी वाटते.

पेठेतले कल्हईवाले काका अजून टिकून आहेत, तांब्याच्या हंड्यांची गिऱ्हाइकं मोजकीच. लोखंडाचं बकल बघून म्हणाले, "याला धरत नाही. तांबं आण, पितळ आण." मी ते आधीच आम्लात टाकून पांढरं स्वच्छ करून नेलं होतं. काकांनी उलटसुलट बघितलं, निखाऱ्यावर धरलं, नवसागर टाकला, धुराचा लोट उठला; कथलाची कांडी टेकवली तर थेंब गोळी होऊन घरंगळला. पुन्हा नवसागर, पुन्हा ताप. दुसऱ्यांदा कथील एका कोपऱ्यात पसरलं आणि तिथून कापसाच्या एका फटकाऱ्यात पूर्ण अंगावर गेलं. कथील २३२ अंशांलाच वितळतं, म्हणून सांध्याला धक्का नाही. काकांनी पैसे घेतले नाहीत. उरलेली सगळी बकलं घेऊन ये म्हणाले. त्यांना आता नाद लागलेला दिसतोय.

१० डिसेंबर

शिवण पूर्ण. बकलाची घडी दोन सुयांनी, मेण लावलेल्या दोऱ्याने. एक टाका तुटला तरी दुसऱ्या सुईचा धागा तो धरून ठेवतो. मशीनच्या टाक्याला हे जमत नाही.

जोरकस चाचणी. जिन्याच्या तुळईला पट्टा बांधून खाली एकाच बकलावर पन्नास किलोची सिमेंटची गोण रात्रभर टांगली. सकाळी बकल होतं तसंच, सरळ बाजूला वाक नाही, सांध्यावर केसाएवढीही रेघ नाही. चामडं मात्र चार मिलिमीटर वाढलं होतं. तेवढं सगळ्याच पट्ट्यांचं होणार, म्हणून भोकांची ओळ एका भोकाने वर सरकवली.

१४ डिसेंबर

तालमीला पेट्या नेल्या. लाकडी ठोकळ्यांत काडतुसं नाहीत, त्याऐवजी वाळूच्या पुड्या भरल्या होत्या. दिग्दर्शक म्हणाले, रिकाम्या ठेवा, मुलांना झेपणार नाही. ठेवू दिल्या नाहीत. रिकामी पेटी कमरेवर उड्या मारते आणि तिलंगा पळताना शाळेला उशीर झालेला मुलगा दिसतो. भरलेली पेटी खाली ओढते, माणूस आपोआप तो खांदा किंचित मागे घेतो, आणि गुडघ्यावर बसताना डाव्या हाताने पेटी मागे सारतो. ही सवय कोणी शिकवावी लागली नाही. चौकोन बांधून राठोडांच्या घोड्यांपुढे उभं राहण्याचा प्रवेश त्यांनी सलग दोनदा केला. दुसऱ्यांदा सहाही हात एकदम पेटीवर गेले.

डी बॉयन करणारा नट कथलाच्या बकलावर खूश आहे. खरं चांदीचं का, विचारत होता.

१९ डिसेंबर

दुरुस्त्या. तिसऱ्या तिलंग्याच्या उजव्या बकलाचा काटा सरकतो. सरळ बाजूवर दोन्हीकडे छिन्नीची हलकी टोच देऊन त्याला जागेवर बांधला. पाचव्याचा पट्टा त्याच्या उंचीला आखूड, वरचं भोक नवीन पाडलं. ताईंना लेखी दिलं: प्रयोगानंतर पट्टे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचे नाहीत, खुंटीला टांगायचे, कोकणातल्या प्रयोगांहून परतल्यावर बकलांवर मेणाचा हात फिरवायचा.

वाड्याचा एक गज अजून पूर्ण उरलाय. मामा म्हणतात, त्याची घोड्याच्या तंगाची बकलं होतील, रोलर लावून. त्याला मात्र दहाचा गज लागेल, आठचा नाही.